तिरपं टोक खाली

बाबा, जुलैत आपला अडुळसा तोडला. चिडू नका, आधी सगळं ऐकून घ्या.

त्याच्या जागी गाडीसाठी फाटक बसवलं. तुमच्या नातवाची गाडी गल्लीत उभी राहायची आणि रोज कोणी ना कोणी तिला घासून जायचं, तेव्हा त्याचंही चूक म्हणवत नाही. तरी मी आठ दिवस तोंड फुगवून होतो. सूनबाई म्हणाली, "पापाजी, इसको तो बकरी भी नहीं खाती." अगं, म्हणूनच तर लावला होता! खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये बकऱ्यांनी तुमची वांगी, सांभाराचा वाफा सगळं साफ केलं, तेव्हा तुम्ही गावाहून अडुळशाच्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या. पाला असा कडू की जनावर तोंड लावत नाही, आणि भर मे महिन्यातही हिरवागार. हिवाळ्यात सायकलवर ड्यूटीला निघायच्या आधी तुम्ही त्याची पानं आलं-मिरी घालून उकळायचे आणि आम्हाला नाक दाबून पाजायचे. कोणाला खोकला झाला की क्वार्टरांची अख्खी लाइन जयभीम घालत आपल्याच दारी पानं न्यायला यायची. आंबे पिकवायला पेटीत तोच पाला. आम्हा पोरांना मात्र फक्त पांढऱ्या फुलातला गोड थेंब पाहिजे असायचा.

तेव्हा मी नऊ वर्षांचा. तुम्ही वीत-वीतभर काड्या कापल्या, खालचं टोक तिरपं, वरचं सपाट, म्हणजे मातीत काय जायचं ते आंधळ्यालाही कळावं. मला नाही कळलं. तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर मी बाराच्या बारा काड्या तिरपं टोक वर करून रोवल्या. का, तर बकरी आली की तिच्या नाकाला टोचलं पाहिजे. संध्याकाळी तुम्ही कुंपणाजवळ बराच वेळ उभे राहिले आणि मग हात धुवायला गेले. नंतर मी रोज एक काडी उपटून मूळ पाहायचो, ते मात्र तुम्ही पकडलं. "काहून उपटून राहिला बे? तू पाहून राहिला म्हणून ते काय लवकर मूळ सोडणार आहे?" महिन्याभरात कोंब फुटले, आणि तुम्ही लाइनभर सांगत फिरले की पोराच्या हाताला गुण आहे. तुम्ही रिटायर झाल्यावर आपण या घरी आलो, तेव्हाही त्याच झाडाच्या काड्या तुम्ही मलाच लावायला लावल्या.

म्हणून यंदा मी एवढंच म्हटलं की तोडा, पण आधी काड्या काढू द्या. त्या जगल्या नसत्या तर तुमच्या हातचं या घरात काही उरलं नसतं. काड्या मी तुमच्यासारख्याच कापल्या. माझे गुडघे बसू देत नाहीत, म्हणून मागच्या भिंतीशी सूनबाईनं लावल्या. जाऊन पाहतो तर सगळी तिरपी टोकं वर! काहून, तर म्हणे तिथं मांजरी बसायला नको. खरं सांगतो बाबा, मी रागानं गप्प बसलो. मरू दे, म्हणजे कळेल हिला.

रागही कसला, एक दिवस टिकला. सकाळी ती उठायच्या आधी मी मागं गेलो, सरळ मातीतच बसलो आणि एकेक काडी उलटी करून लावली. उठायला पंधरा मिनिटं लागली, भिंत धरून. पण मन हलकं झालं.

आता त्यांना हातभर फुटवा आहे. सूनबाई घरच्या ग्रुपवर रोज फोटो टाकते. परवा विचारत होती, "पापाजी, मेरे हाथ में कुछ बात है ना?" मी म्हटलं, "गुण आहे बेटा, तुझ्या हाताला." आपलं झाड तिचं झालं, बरं वाटलं.

हा कागद वहीतच राहील, तेव्हा एक सांगून टाकतो. क्वार्टरमध्ये काड्या रोवल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी मी झोपलो नव्हतो. तुम्ही ड्यूटीच्या कपड्यांत, डबा बाजूला ठेवून, माझ्या काड्या एकेक उलटून लावत होते आणि मध्येच दाराकडे वळून पाहत होते. मी खिडकीतून सगळं पाहिलं. तरी तुम्ही लाइनभर कौतुक केलं तेव्हा मी मान ताठ करून शेजारी उभा राहिलो.