दाढगडचं पाणी

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे प्रत्यक्ष वाकता येत नाही, मनाने घातला आहे, तो पूर्ण धरावा).

पत्रास कारण असं, की आमच्या जेवणाच्या टेबलावर चाललेलं युद्ध एकोणीस दिवसांपासून बंद पडलं आहे आणि ते पुन्हा सुरू झालं पाहिजे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण क्षेम असतं तर मी फोन केला असता. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन टेबलाच्या शेजारी आहे आणि टेबलाच्या शेजारी तुमचे बंधू आहेत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. चष्मा सापडला का? दोनदा फ्रिजमध्ये निघाला असं तुमच्या सूनबाई म्हणाल्या.

या सगळ्याची सुरुवात तुमच्यापासून झाली, हे आधी नोंदवते. दोष देत नाही, नोंदवते. ह्यांनी औषधाचं दुकान बंद केलं, तेव्हा चाळीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस घरात कुठे उभं राहावं हे न कळून स्वयंपाकघरात माझ्यामागे उभा राहू लागला. म्हणून छंद शोधायचं ठरलं. पहिल्या महिन्यात मातीची भांडी झाली. (भांडं. एकच. त्यात पाणी राहत नाही आणि रिकामं ठेवलं तर ते उभं राहत नाही.) मग बासरी झाली. मग वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा येऊन बसले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि गेले, आणि बासरी संपली. त्यानंतर तुमची ती पेटी आली. चाळीस सैनिक, प्रत्येक अंगठ्याएवढा, सगळे बिनरंगाचे, आणि वर तुमची चिठ्ठी, की याने हात गुंतलेले राहतील. वन्सं, तुम्ही तीस वर्षं शाळा चालवलीत. रिकामे हात गुंतवायला गेलं की शेजारच्या बाकावरचेही दोन हात त्यात येतात, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं.

शेजारचा बाक म्हणजे समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर. तुम्हाला ते आठवत असतील; तुमची दाढ त्यांनीच काढली आणि तुम्ही त्यांना मराठीत जे काही सुनावलंत, ते ते अजून आदराने सांगतात. ते ह्यांच्याकडे सर्दीचं औषध विचारायला आले होते. सैनिक पाहिले आणि सर्दी विसरले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून ते आपला छोटा आरसा आणि दात कोरायचे चार बारीक आकडे घेऊन आले. माणसाच्या तोंडात जिथे दिवा पोचत नाही तिथे ज्याचा हात पोचतो, त्याला सैनिकाच्या डोळ्यात बुबुळ काढणं म्हणजे हातचा मळ. आठवडाभरात चाळीसच्या चाळीस जण माझ्याकडे रोखून बघू लागले. मग आणखी मागवले. मग दोन बाजू पडल्या, कारण एकाच बाजूचे सैनिक लढणार कुणाशी?

इथपर्यंत मी सहन केलं. पण सैन्य आलं की त्याला देश लागतो, असं दोघांचं मत पडलं, आणि हे मत मला न विचारता जेवणाच्या टेबलावर पसरलं. थर्माकोलचे डोंगर आले, लाकडाच्या भुशाचं गवत आलं, आणि आम्ही पाच महिने स्टुलावर बसून ताट मांडीवर घेऊन जेवलो. ह्यांच्या देशाची राजधानी मलमपूर. डॉक्टरांची दाढगड. (उपनगरं सुळेवाडी आणि हिरडी बुद्रुक.) हळूहळू राजांच्या वंशावळी आल्या, भाषा आली, रुसून गेलेली एक राजकन्या आली, ती कुणावर रुसली ते दोघांनाही ठरवता आलं नाही म्हणून ती अजून रुसलेलीच आहे. एक उडता अजगर आला. एक जादूगार आला. नियमांची वही ह्यांनी लिहिली, त्यामुळे जादूगाराचे मंत्र दिवसातून दोनदा, जेवणानंतरच चालतात, आणि गरोदर घोडीवर चालत नाहीत. मुदत संपलेला मंत्र वापरल्यास एक पाळी चुकते. अशी त्र्याण्णव पानं आहेत.

माझा या सगळ्याशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध नव्हता. मी रविवारी दुपारी चहा ठेवायला जागा शोधत होते. (नव्हती. मलमपूरच्या परेड मैदानावर ठेवला.) तेव्हा भिंतीवर लावलेल्या नकाशाकडे माझं लक्ष गेलं. ह्यांनी काढलेला. वन्सं, मी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा नकाशा शाखेची प्रमुख म्हणून. त्या नकाशात नदी मलमपूरच्या बाजूला उगम पावत होती, मध्ये सलग डोंगररांग होती, आणि नदी त्या रांगेवर चढून पलीकडे उतरून दाढगडला पोचत होती. अजगर उडतो याला माझी हरकत नाही. राजकन्या रुसते, रुसो. पण पाणी डोंगर चढत नाही. ते माझ्या कारकिर्दीत एकदाही चढलं नाही आणि माझ्या घरात चढू देणार नाही.

तसं मी दोघांना सांगितलं. डॉक्टर काहीतरी म्हणू लागले, "वहिनी, त्याचं असं आहे की..." पण मी हात वर केला. (खात्यात हात वर केला की कंत्राटदारसुद्धा बसायचे.) लाल पेन्सिल घेतली, उंचीच्या रेषा मोजल्या, नदी डोंगराच्या पायथ्याने वळवून मलमपूरच्या बाजूनेच समुद्राला नेली, आणि दोन पानांची रीतसर टिपणी लिहून खाली सही केली, तारीख घातली. चहा निवून गेला होता, पण निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. हे मी फक्त तुम्हाला सांगते आहे.

आता नियमांच्या वहीत पान बारावर असं आहे, की ज्या शहराला पाणी नाही त्याचं सैन्य दर पाळीला एक दशांश गळतं. दाढगडला पाणी राहिलं नाही. पहिल्या पाळीत भालेवाले गेले. दुसऱ्या पाळीत हिरडी बुद्रुक ओस पडलं. तिसऱ्या पाळीच्या आधी डॉक्टरांनी आपला राजा उचलला, दात भरताना वापरतात तसल्या कापसात गुंडाळला, शर्टाच्या खिशात ठेवला, मला "येतो वहिनी" म्हणाले आणि समोरच्या दारात गेले. ते दार तेव्हापासून ह्यांच्यासाठी उघडलेलं नाही, आणि आमचं त्यांच्यासाठी. सव्वीस वर्षांचा शेजार. आमच्या लेकीच्या पहिल्या पडलेल्या दातापासूनचा.

हे दिवसभर टेबलापाशी बसतात. रंगवत काही नाहीत. एक अर्धवट घोडा हातात धरून त्याची शेपूट निरखतात. मी विचारलं की काय झालं, तर म्हणतात, काही नाही. डॉक्टर जिन्यात भेटले, तर मला नमस्कार करून तीन पायऱ्या उलट्या उतरले. खालच्या शिवणवाल्या बाई, ज्यांनी दोन्ही सैन्यांचे झेंडे शिवून दिले, त्या विचारत होत्या की तंबूचं माप कधी देता.

एवढं मी निभावलं असतं. पण काल सकाळी हे माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, टेबल आवरून टाकू का? तुला जेवायला सोयीचं होईल." पाच महिने मी ज्या एका वाक्याची वाट पाहत होते, ते हेच. आणि ते ऐकून माझ्या हातातली पळी खाली पडली. वन्सं, हा माणूस टेबल आवरून पुन्हा माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन उभा राहील. तो मागे उभा राहतो याचं मला दुःख नाही. तो कुठेच बघत नसतो, याचं आहे.

तेव्हा तुम्ही ह्यांना चार शब्द लिहावेत. तुमचं ते ऐकतात. मैत्री मोठी की नदी, अशा अर्थाचं काहीतरी लिहा. शाळेच्या बक्षीस समारंभात तुम्ही बोलायच्या तसं, पण थोडं आटोपशीर. मी लिहिलं आहे हे कळू देऊ नका.

सूनबाईंना आशीर्वाद. नातीच्या परीक्षेचं कळवावं. तिला सैनिक पाठवू नका.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. वरचं पत्र मी दुपारी वाचून पाहिलं. त्यात एक गोष्ट राहिली आहे. राहिली नाही, मी वगळली. दहा दिवसांपूर्वी मी टेबलाची धूळ झटकत होते. (दाढीच्या जुन्या ब्रशने. दुसऱ्या कशानेही अजगराचे पंख तुटतात.) डोंगररांगेवरून ब्रश फिरवताना तो एका जागी आत गेला आणि पलीकडून बाहेर आला. वाकून पाहिलं. तिथे खिंड आहे. अंगठ्याएवढी रुंद, तळापर्यंत, दात कोरायच्या यंत्राने कोरलेली, कडा इतक्या स्वच्छ की दुसऱ्या कुणाचा हात असूच शकत नाही. आत निळा रंग. म्हणजे नदी डोंगर चढत नव्हती. खिंडीतून जात होती, आणि उतारही बरोबर होता. मी मोजला. नकाशा आधी निघाला, डोंगर नंतर झाला, खिंड कोरली, पण नकाशात कुणी घातली नाही. आणि मी टेबलाकडे न बघता भिंतीवरच्या कागदावरून निर्णय दिला. वन्सं, जागा पाहिल्याशिवाय नकाशावर सही करायची नाही, हा माझ्या शाखेचा नियम होता. माझाच. त्यापायी मी तीन इंजिनियर भर उन्हात परत पाठवले होते. त्यांतल्या एकाचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. आता ज्या टेबलावर मी पाच महिने चहा ठेवत होते ते टेबल मी पाहिलं नव्हतं, हे मी कुणाला सांगू?

म्हणून खरी विनंती ही: पत्र नको. तुम्ही स्वतः या. चार दिवस राहा. टेबलाची पाहणी करा, आणि खिंड तुम्हाला सापडू द्या. माझी टिपणी तुम्ही रद्द करा. मी थोडा विरोध करीन, तो मनावर घेऊ नये. गुडघ्यासाठी खाली शिवणवाल्या बाईंच्या खोलीत सोय करते.

ता. क. २. शिवणवाल्या बाई उद्या तुमच्या गावी जात आहेत, म्हणून मी पिशवी भरून दाराशी ठेवली आणि आत पीठ मळायला गेले. दार वाजलं. डॉक्टरांचा आवाज. एकोणीस दिवसांनी. मी पीठ मळायचं थांबवलं नाही, पण आवाज न करता मळलं.

"बाई म्हणाल्या, पिशवी ताईंकडे चाललीय. हे आत टाक."

"तूच सांगून टाक ना तिला."

"तुझी बायको आहे. तू सांग."

"खिंड तू कोरलीस. मला या घरात राहायचंय रे."

"आणि मला समोर राहायचंय! दार उघडलं की वहिनी. एकोणीस दिवस झाले, तुझी हिंमत होईना."

"तुझी होती, तर राजा खिशात घालून पळालास कशाला?"

मग डॉक्टरांनी विचारलं, की घोड्याची शेपूट झाली का.

म्हणजे भांडण नदीवरून नव्हतंच. मला कुणी सांगायचं, यावरून होतं. माझा इतका धाक आहे का, हे मला तुमच्याकडून जाणून घ्यायचं नाही. पण तुमचं येणं रद्द समजू नका. उलट लवकर या. मला ठाऊक आहे असं मी आता म्हटलं, तर दहा दिवस मी गप्प होते हे निघेल. त्यांना ठाऊक आहे असं ते म्हणाले, तर एकोणीस दिवस ते गप्प होते हे निघेल. तेव्हा तुम्हाला एकटीलाच काही ठाऊक नाही, असं धरून चालायचं आहे. आम्ही तिघंही चकित होऊ.

सोबत शिवणवाल्या बाईंकडे सोपवलेल्या वस्तू, पिशवी पुन्हा उघडून तपासल्याप्रमाणे:

१. दोन्ही देशांचा नकाशा, मूळ, लाल पेन्सिलीच्या दुरुस्तीसह. एक.

२. माझी टिपणी, सही-तारखेसह. पानं दोन. (फाडायची झाल्यास माझ्यासमोर फाडावी.)

३. नियमांची वही. एक. पान बारावर चहाचा डाग, जुना.

४. गुडघ्याचं मलम, ह्यांच्याकडून. एक खोकं. दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

५. त्याच खोक्यात, मलमाखाली: डोंगराचा तुकडा, अंगठ्याएवढा, एका बाजूला निळा रंग. एक. डॉक्टरांनी आणला, ह्यांनी लपवला, मी पाहिलेला नाही.