निळ्या रेघा

शनिवार, संध्याकाळ. बनशंकरी

काल लिहिलं की ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरनं माझं लोखंडी पट्टीचं स्केच बिघडवलं. ते खरं नाही, चूक माझीच. एक माप बदललं आणि सगळं वाकडं झालं, कारण रेघा निळ्या, म्हणजे माप न दिलेल्या, अजून मोकळ्या होत्या. माझ्या शिंपी वडिलांनी, अण्णांनी, कापड बेतायला शिकवताना सांगितलेलं, "स्वल्प सैल ठेव." तेच मी त्या लोखंडी पट्टीला केलं! हे ऐकून अण्णा खो खो हसले, "पट्टी काय जेवून फुगते गं?" आज प्रत्येक रेघेला माप दिलं आणि एकेक निळी रेघ काळी झाली. सगळ्या काळ्या! टाळीच वाजवली मी.

पण साहेबांना मी दोष सॉफ्टवेअरचा सांगितलाय, आणि निळ्या रेघांचं आणखी एक स्केच होसकोटेच्या कारखान्यात गेलंय. नोकरीचा दुसराच महिना. ठेवतील ना? असो. तिथं त्यावरून पत्रा कापायच्या आत, सोमवारी सकाळीच साहेबांना खरं सांगणार.