डोळे ताईच्या पाठीवर

४ जानेवारी

आज मला अधिकृतपणे ससा केलं!

करारात लांबलचक नाव आहे, पण ऑफिसातल्या शिपायापासून लीगच्या मालकांपर्यंत सगळे ससाच म्हणतात. काम सोपं. पंधराशे मीटरच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावायचं, वारा आपल्या अंगावर घ्यायचा, ठरलेला वेग धरून ठेवायचा आणि शेवटच्या फेरीची घंटा वाजायच्या आत ट्रॅक सोडून आतल्या गवतावर उतरायचं. पुढची शर्यत ज्यांची त्यांनी बघावी. माझ्यामागे धावणार धाकटी. सख्खी बहीण. राष्ट्रीय विक्रम तिच्या अगदी हाताशी आलाय, तो लीगच्या पहिल्याच संध्याकाळी व्हावा अशी सगळ्यांची इच्छा.

बाकीच्यांना संघाचे बनियन मिळाले. मला नुसते काळे-पांढरे पट्टे. ससा कुठल्याच संघाचा नसतो.

आईला फोन केला. ती म्हणाली, म्हणजे तू जिंकायचं नाहीस हे आधीच ठरलंय का? म्हटलं, हो. म्हणाली, मग बरंच झालं, यावेळी मागाहून हळहळ नको.

११ जानेवारी

मालकांबरोबर पहिली बैठक. त्यांचा गाद्यांचा कारखाना आहे, म्हणून त्यांना गादीवाले म्हणतात. माणूस वाईट नाही. चेंडूच्या प्रत्येक खेळाची लीग आहे, मग धावण्या-उड्या मारण्याची का नसावी, हा त्यांचा प्रश्न मलाही पटतो. पण मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. पंधराशे मीटरमध्ये जे घडायचं ते शेवटच्या फेरीतच घडतं, तर आधीच्या फेऱ्या ठेवल्यात कशाला?

आमचे कोच गळ्यात कायम शिट्टी घालून असतात, झोपतानाही काढत नसावेत. सगळे त्यांना शिट्टीसर म्हणतात. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या गादीतही वरचं कापडच दिसतं. आतला कापूस कशाला भरता?"

फेऱ्या राहिल्या.

१९ जानेवारी

उद्घाटन पुढे गेलं. ठरलेल्या दिवशी स्टेडियम फुटबॉलवाल्यांकडे आहे. हे कुणी विचारलंच नव्हतं! प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने विचारलं असेल.

२४ जानेवारी

माझ्या खोलीतली हातोडाफेकवाली गेली. स्टेडियमवाले म्हणाले, हातोडा पडला की हिरवळीला खड्डे पडतात, मग फुटबॉल कुठे खेळायचा? म्हणून हातोडाफेकच रद्द. ती रडलीबिडली नाही. हातोडा टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवला, बॅगेचा पट्टा तुटला, तेव्हा मात्र खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी बॅग खाली रिक्षापर्यंत नेली. खोली आता मोठी वाटते.

परदेशातून येणारे दोघे उंच उडीवालेही येत नाहीत म्हणे. कारण कुणी सांगत नाही. संघांची नावं अजून ठरायचीत. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

२ फेब्रुवारी

सराव. शिट्टीसर धाकटीला रोज तेच सांगतात. घड्याळ बघायचं नाही, फलक बघायचा नाही, शेजारची कुठे आहे ते बघायचं नाही. "डोळे ताईच्या पाठीवर. बाकी जग गेलं खड्ड्यात."

चांगली धावते आहे. पावलांचा आवाज माझ्या पावलांत इतका मिसळतो की मागे कुणी आहे की नाही तेच कळत नाही. फक्त श्वास ऐकू येतो. मला हे आवडतं. मी स्वतः शर्यती धावायचे तेव्हा मागचा श्वास ऐकला की मी उगाच वेग वाढवायचे.

६ फेब्रुवारी

डाव्या पोटरीत जरा ओढल्यासारखं. बर्फ. सांगण्यासारखं काही नाही.

९ फेब्रुवारी

टीव्हीवाल्या बाई आल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ आहे: पहिल्या संध्याकाळी विक्रम झाला तर पुढच्या स्पर्धा दाखवू, नाहीतर तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या. गादीवाल्यांनी धाकटीकडे बघितलं. धाकटीने माझ्याकडे. मी भिंतीकडे.

नंतर फिजिओने सगळ्यांना नियम वाचून दाखवले. खेळाडू जायबंदी झाला तर त्याचा संघ उपचार करणार. मी विचारलं, आणि ससा? तिने कागद उलटसुलट केला. सशाला संघ नाही. ससा घरी, दुसरा ससा आत. ती म्हणाली, "विचारलंस का? काही दुखतंय का?" म्हटलं, छे, माहिती असलेली बरी.

एकदा लिहूनच टाकते. चौतिसावं चालू आहे. इथून घरी गेले तर मला परत ट्रॅकवर कुणी बोलावणार नाही. आणि धाकटीने विक्रम दुसऱ्या कुणाच्या पाठीमागे धावून केला, तर मला ते बघवणार नाही. हेवा नाही हा. किंवा असेल थोडा. पण तिचा वारा मलाच अडवायचाय.

१७ फेब्रुवारी

आजचं भांडण संगीतावरून. गादीवाल्यांना संगीत सतत हवं, थांबलं तर लोक उठून जातील म्हणतात. बंदूक उडवणारे पंच म्हणतात, शांतता नसेल तर बंदूक उडणार नाही. गादीवाले म्हणाले, लोकांना तिकीट काढून गप्प बसायला बोलावायचं का? पंच म्हणाले, हो. पंचांनी बंदूक पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि चहा प्यायला गेले. शेवटी ठरलं, बंदुकीपुरती शांतता.

२२ फेब्रुवारी

उद्या. पोटरीला पट्टी, वर गुडघ्यापर्यंत मोजे. ड्रेसवाल्या बाई म्हणाल्या, पट्ट्यांच्या बनियनखाली छान दिसतात, रोजच घाल.

२३ फेब्रुवारी

आजच लिहिते. उद्यापासून लोक सांगतील तीच गोष्ट मला खरी वाटायला लागेल.

स्टेडियम अर्धंही भरलं नव्हतं. गादीवाल्यांनी कारखान्याला सुट्टी देऊन सगळे कामगार आणून बसवले होते. टीव्हीवाल्या बाईंनी सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर एका बाजूला गोळा केलं, म्हणजे पडद्यावर गर्दी दिसेल. लोक उत्साही, पण खेळ नवा. लांब उडीत फाऊल झाला की लाल झेंडा वर जातो. त्यांना वाटलं, झेंडा म्हणजे काहीतरी भारी झालं. एका मुलीच्या सगळ्या उड्या फाऊल गेल्या आणि आजच्या सर्वांत जास्त टाळ्या तिने घेतल्या. ती वाकून नमस्कार करून गेली. शहाणी मुलगी!

मग आमची शर्यत. संगीत थांबलं. बंदूक.

पहिली फेरी हवी तशी. दुसरी त्याहून सरस. फलकावरच्या घड्याळाप्रमाणे आम्ही विक्रमाच्या पुढे होतो, निवेदक ओरडत होता, कामगारांनाही आता कळायला लागलं होतं. श्वास माझ्या मागे, नेहमीसारखा. मी वळणावर आत उतरले. ठरल्या जागेच्या जरा अलीकडेच, वळणावर ट्रॅक ओला होता. गवतावर थोडी पुढे गेले तरी कानाशी तोच श्वास. वळून बघते तर धाकटी. माझ्यामागे. गवतावर!

ट्रॅक आपणहून सोडला की परत चढता येत नाही. बाकीच्या मुली आमच्यासमोरून निघून गेल्या, दोघी-तिघींनी माना वळवून बघितलं. घंटा वाजली. आम्ही दोघी हिरवळीवर उभ्या. पलीकडे शिट्टीसरांच्या तोंडातली शिट्टी न वाजताच खाली पडली.

मी म्हटलं, "अगं, हे काय केलंस?"

तिने माझा दंड घट्ट धरला होता. बिचारी हादरली असणार.

टीव्हीवाल्या बाई माइक घेऊन धावत आल्या. धाकटीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि माइकमध्ये हसून म्हणाली, "सवय हो. लहानपणापासून ताई जाईल तिकडे मी जाते. आजही गेले."

सगळं स्टेडियम हसलं. गादीवाले सोडून.

२४ फेब्रुवारी

तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर आहे. कुणी त्याला सिनेमातल्यासारखं संगीत लावलंय. 'ससा आणि शेपूट' असं नाव पडलंय. दूधवाल्याने मला विचारलं, आज एकट्याच?

आईचा फोन. ती हसून हसून बेजार. तिला दाताच्या डॉक्टरांची आठवण झाली. मी दात काढायला गेले होते, तर धाकटीही हट्टाने माझ्यामागे खुर्चीत चढून बसली. डॉक्टरांनी तिचाही एक हलणारा दात काढून दिला. म्हणजे खोड जुनीच. विचार केला तर शिट्टीसरांचीही चूक आहे. इतके दिवस जिला सांगितलं की ताईची पाठ सोडून काही बघू नको, ती दुसरं काय करणार?

वाईट वाटतंय. विक्रम गेला. पण तिच्यावर चिडता येत नाही.

२८ फेब्रुवारी

पुढच्या स्पर्धेची तिकिटं संपली! जे जाहिरातींना जमलं नाही, ते एका चुकीने केलं. टीव्हीवाल्या बाई आता विक्रमाचं नावही काढत नाहीत. पुढच्या स्पर्धा दाखवणार.

गादीवाल्यांनी आम्हाला बोलावलं. पेढीवरच्या शेठसारखे हात चोळत बसले होते. म्हणाले, पुन्हा तसंच करता येईल का? फार नाही, एकदाच. शिट्टीसर उठून बाहेर गेले. मी सांगितलं, जमणार नाही. जिना उतरताना मी कठडा धरून उतरले, धाकटी मागून सावकाश आली.

३ मार्च

आज राग आलाय. खरा.

धाकटीने माझ्या पाठीमागे जाऊन शिट्टीसरांना सांगितलं की पुढच्या शर्यतीत तिला ससा नको. "मला ताई नको. सवय मोडायची आहे." हे शब्द मला फिजिओकडून कळले. तेवढ्यावर थांबली नाही. गादीवाल्यांना तिने सुचवलं म्हणे, की ताईला पट्ट्यांच्या ड्रेसमध्ये गवतावर उभं करा, घंटा वाजली की हात हलवेल, लोकांना गंमत. गादीवाले खूश. माझा करार तसाच राहणार, फक्त धावायचं नाही.

बाहुली! हात हलवणारी!

जाब विचारायला गेले तर म्हणाली, "ताई, ऐक ना माझं एवढं. या वेळी मी एकटी." माझ्याकडे बघतही नव्हती, खाली बघत होती. म्हटलं, बरं. वारा कसा लागतो ते कळेल. बोलायला नको होतं. बोलले.

दिवसभर खोलीत पडून. पोटरीला तेवढाच आराम.

९ मार्च

स्टेडियम तुडुंब. लोकांच्या डोक्यावर कागदी कान. मी गवतावर, पट्ट्यांत.

धाकटी बंदुकीपासून पुढे. समोर कुणी नाही, सगळा वारा तिच्या छातीवर. दोन फेऱ्या चांगली धावली. तिसरीत खांदे वर यायला लागले. ती दमली की तिचे खांदे वर येतात. मी पुढे असते तर तिला एवढ्यात दमू दिलं नसतं. घंटा वाजली, लोकांनी माझ्याकडे बघितलं, मी हात हलवला. हशा, टाळ्या. ती माझ्यासमोरून गेली, मान वळवली नाही. शेवटच्या वळणावर दोघी पुढे गेल्या. तिसरी आली. विक्रम दूरच.

लोक मात्र जागचे हलले नाहीत. भालाफेकही बघितली, उंच उडीही बघितली. झेंडा लाल की पांढरा ते शेजारच्याला समजावून सांगत होते. गादीवाले शिट्टीसरांना म्हणाले, लीग लागली हो मार्गी. शिट्टीसर म्हणाले, हो, आणि पोरगी?

मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. गेले नाही.

१० मार्च

सकाळी धाकटी खोलीवर आली. हातात बर्फाची पिशवी. जमिनीवर बसली आणि माझा डावा मोजा खाली ओढला.

"इतके दिवस तुझ्या मागे धावतेय ताई. डावं पाऊल कसं पडतं ते मला दिसत नाही होय? त्या दिवशी वळणावर तुझा पाय टेकतच नव्हता. मला वाटलं, तू आता पडतेस."

"मग सवय म्हणालीस ते?"

"समोर माइक होता. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुला घरी पाठवलं असतं." तिने पिशवी पोटरीवर दाबली. "हलू नकोस आता."

मी हलले नाही.