टोपलीच्या तळापर्यंत हात

बुधवार, संध्याकाळ. डहाणू

जमलं! ऑडिटिंगच्या तासाला चित्रपटातले प्रसंग दाखवायची आज शेवटची संधी होती. "पोरं पिक्चर बघतात, शिकत नाहीत. उद्या मी मागे बसतो, मग ठरवू," असं प्राचार्यांनी कालच बजावलं होतं.

गोदामाचा प्रसंग लावला. ऑडिटर मालकाने दाखवलेली दारापाशची दोन खोकी उघडतो, माल बघतो आणि सही करतो. मी विचारलं, "काय चुकलं?" मग चिंचणीची मनीषा, वर्षभर तोंड न उघडलेली, म्हणाली, "मॅडम, याला तर माझी आई बाजारात ओलसर बोंबील कडक सुके म्हणून खपवेल."

वर्ग खो-खो हसला. ती थांबली नाही. "टोपलीत वर चांगलाच माल असतो. जाणतं गिऱ्हाईक तळापर्यंत हात घालतं. यानेही मागची खोकी स्वतः निवडून उघडायला हवी होती."

तळापर्यंत हात! नमुना तपासणीवर मी तीन तास बोलले होते, पण इतकं सोपं मला सांगता आलं नव्हतं. की हे तिला आधीच येत होतं आणि मी उगाच श्रेय घेतेय? येत असेलही. पण पुस्तक वाचून तिला टोपली आठवली नव्हती, ती खोकी बघून आठवली. एवढं श्रेय माझंच.

तास संपला तरी प्राचार्य जागचे हलेनात. "मॅडम, बंद का केलंत? तो मालक सापडतो की नाही?"

"ते पुढच्या तासाला, सर."

"बरं," म्हणाले. "मागचा बाक माझा."