देवरामचा राब आणि आमचा बंब

१२ एप्रिल
कार्बन बाजाराचा अभ्यास पूर्ण. (मोबाइलवर. मध्ये दोनदा चहा.) यापुढे न सोडलेला धूर विकला जाणार, कारखाने तो विकत घेणार. पुढची वीस वर्षं डोळ्यांपुढे लख्ख दिसली. बायकोला, उत्तराला, समजावलं. ती म्हणाली, आधी आपल्या बंबाचा धूर आवरा, डोळे चुरचुरतात. तिला धोरणातलं कळत नाही.

१९ एप्रिल
पेठ तालुक्यात देवरामकडे. जुना घरोबा. दर वर्षी नवे तांदूळ आणि बंबाला लाकडं तोच आणतो. वाफ्यावर पाला, शेण, फांद्या रचत होता. भाताचं बी टाकण्याआधी हे भाजायचं, त्याला राब म्हणतात. म्हटलं, अरे वेड्या, हा धूर राखून ठेव, कार्बनवाली कंपनी क्रेडिट देईल, म्हणजे पैसे. तो म्हणाला, दादा, नाय भाजला तं गवतच माजंल, मंग लावू काय, तुमचं क्रेडिट? त्याची बायको अक्काबाई तोंडाला पदर लावून हसली. शेवटी म्हणाला, बरं, तुम्ही सांगता म्हून. गहिवरून आलं.

२ मे
त्या कार्बन कंपनीचा विश्वेश घरी आला. गोड पोरगा. पोहे दोनदा घेतले. म्हणाला, काका, जिल्ह्यात तुमच्यासारखा माणूस नाही. खरंच आहे.
संकल्प: उद्यापासून बंब बंद.

३ मे
गार पाणी फारच गार. शिवाय बंबाचा धूर घरगुती, तो बाजारात धरत नसावेत. संकल्प तूर्त स्थगित.

२४ जून
देवरामचा फोन. वाफ्यात गवतच गवत, भाताचं रोप हुडकावं लागतंय. वर्षाचं खाणं आहे, दादा, म्हणाला. धीर दिला. विश्वेश फोन उचलत नाही. मीटिंगमध्ये असेल.

१ जुलै
अजून मीटिंगमध्ये.

८ जुलै
कंपनीचा मेसेज. राब योजनेत बसत नाही. मग हे पोहे खाताना सांगायला काय झालं होतं? केसानं गळा कापला.

१४ जुलै
पेठला गेलो, माफी मागायला. बघतो तर देवरामची खाचरं भातानं गच्च! म्हटलं, बघ, धुराशिवाय आलं की नाही? अक्काबाई म्हणाली, मी भावाच्या वावरात गुपचूप राब भाजला व्हता, दादा. तिथली रोपं आणून लावली. भाजला तवा ह्यांनाबी सांगितलं नाय, हे तुमच्या शब्दाबाहेर जायाचे नाय.
माझ्या पाठीमागे धूर! कंपनी परकी, पण घरच्यांनीसुद्धा? न जेवता निघणार होतो. नागलीची भाकरी गरम होती म्हणून थांबलो.
निघताना देवरामनं जीपमध्ये चार गोण्या टाकल्या. वाफ्यावरून उचललेला तोच पाला, त्याच फांद्या. कंपनी मोजायला येईल म्हणून पडवीत झाकून ठेवलं होतं त्यानं. म्हणाला, आता कोण येतंय, दादा. बंबाला घ्या.

१५ जुलै, सकाळी
पाणी कडकडीत तापलं. धूर फार. डोळे चुरचुरले. उत्तरानं खिडक्या उघडल्या.