डाव्या हाताचा चाकू

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी कामावर जायच्या आधी दादाकडे गेलो. त्याच्या शर्टाची बटणं लावली, केस विंचरले, बुटाच्या नाड्या बांधल्या. लहानपणी शाळेत जाताना हे सगळं तो माझं करायचा. मी चुळबुळ करायचो आणि तो टपली मारायचा. आज तो जराही हलला नाही. त्याचंच वाईट वाटलं.

गोळ्यांची पट्टी मात्र त्याने मला दिली नाही. दातात धरून फाडली. चांदीचा कागद जिभेला चिकटला तो थुंकत म्हणाला, "मला एक चाकू आणून दे."

वहिनी ओट्यापाशी भांडी विसळत होती. आवाज एकदम थांबला.

"एका हाताने उघडणारा. डाव्या. मिळतात तसले," दादा म्हणाला. "आणि चांगला आण. रोज खिशात राहायचाय तो. खेळणं आणू नकोस."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो म्हणजे नाही! मला माहितेय तुझं बघतो."

झटक्याने उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तहान लागली तरी कुणीतरी विचारेपर्यंत गप्प बसायचा. आणि आज मागितलं, तेही हे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मी कामावर असताना वहिनी रोपवाटिकेच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. आत यायला तयार नाही.

"भाऊजी, आणणार नाही ना तुम्ही?"

काय सांगणार! हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर दादा पहिलं वाक्य बोलला ते हे — "कशाला वाचवलंत? अर्ध्या माणसाचं काय करणार?" तेव्हा मीही तिथेच होतो. त्या दिवसापासून वहिनी घरातल्या सुऱ्या कुलुपात ठेवते. तो झोपला की भाजी चिरते. दाढीसुद्धा तीच करते त्याची. त्याचा जुना चाकू तिने फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला आणि त्याला सांगितलं, हॉस्पिटलात हरवला.

"हरवला म्हणे," दादा मला एकदा म्हणाला होता. "इतकी वर्षं नाही हरवला तो!"

तो सापडला असता तरी उपयोग नव्हता. त्याच्या पात्याच्या खाचेत नख घालून ओढावं लागतं. दोन हातांचं काम.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज दिवसभर गुलाबाचे डोळे भरले. खुंटाच्या सालीला उभी-आडवी चीर द्यायची, चांगल्या झाडाचा डोळा काढून तिच्यात सरकवायचा, वरून पट्टी बांधायची. ओलावा जायच्या आत. दादाने शिकवलं मला. त्याने भरलेला डोळा सहसा वाया जात नसे.

पण इथे लोकांना त्याची आठवण कलमांवरून येत नाही. चाकूवरून येते. सुतळी कापायची, पिशवी फाडायची, पायातला काटा काढायचा — "दादा, जरा चाकू." तो पुसून, मिटून द्यायचा. परत घेतानाही मिटलेलाच घ्यायचा. कुणी उघडा दिला की हात मागे घ्यायचा. आज काटा रुतला एकाला. सगळ्यांनी सवयीने दादाच्या जागेकडे पाहिलं. मग मी माझा दिला.

संध्याकाळी देवापुढे बसलो. काय मागावं तेच कळेना. चाकू त्याच्यापासून लांब राहू दे म्हणू, की त्याला लाभू दे म्हणू? नुसतं नाव घेतलं आणि उठलो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, गप्पिष्ट. काचेखाली चाकूच चाकू! मी आपला घाबरलोच. काही इतके भीषण दिसत होते की त्यांच्याने सफरचंद कापायचीही लाज वाटावी.

"लढाईवर जायचंय की पार्सल फोडायचंय?" त्याने विचारलं.

"पार्सल," म्हणालो.

"मग हा खालचा कप्पा बघा. वरचा फक्त मिशीवाल्यांसाठी."

पातं तळहाताच्या रुंदीएवढं पुरे. त्याहून लांब असलं तर खिशात टोचतं. धार दादाला साध्या पोलादाची आवडते, पण ते गंजतं, झाडाचा चीक लागला की काळं पडतं. दर वेळी पुसायचं, तेल लावायचं — एका हाताने कसं करणार? म्हणून न गंजणारं घेतलं. मूठ जरा खरखरीत, ओल्या हातातून निसटणार नाही अशी. पात्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना छोटी बोंडं, अंगठ्याने ढकललं की पातं उघडतं आणि आत एक पट्टी सरकून त्याला अडवते. बोटांवर मिटायची भीती नाही. डाव्या हाताने उघडून पाहिला. पुन्हा पुन्हा. छान उघडला.

घेतला. घरी हिला दाखवला. हिने तो पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दिला. वहिनी पाण्याच्या टाकीवर गेली होती तेवढ्यात. चोरून दिला असंच म्हणायला हवं.

दादाने आधी तोलून पाहिला. मग अंगठ्याने उघडला. पहिल्यांदा अडखळला, दुसऱ्यांदा खट्‌ आवाज आला आणि त्याचा चेहराच बदलला. केवढ्या दिवसांनी! मी त्याच्या हातातून घेऊन मिटवायचो, तो परत उघडायचा. असं आम्ही दोघे पोरांसारखे खेळत बसलो.

"खेळणं आणू नकोस म्हणालो होतो," तो म्हणाला. पण हसत.

वहिनीची चाहूल लागली तसा त्याने तो खिशात टाकला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

झोप नीट नाही. काम नीट नाही. डोळा काढताना स्वतःचं बोट कापलं. शिकाऊ असल्यासारखं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दुपारी वहिनीचा फोन आला. "या. आधी या. त्यांच्या हातात — " एवढंच.

धावतच गेलो. वाटेत काय काय मनात आलं ते लिहिणार नाही.

वहिनी बाहेर भिंतीला टेकून उभी. बाजारातल्या पिशव्या पायापाशी सांडलेल्या. आत दादा खुर्चीत. डाव्या हातात उघडा चाकू, पातं वर. चेहरा घामाने भिजलेला.

"दादा," मी म्हणालो.

"मिटत नाही रे हा!" तो म्हणाला. "उघडतो. मिटत नाही."

मी तो त्याच्या हातातून घेतला आणि मिटवला. डाव्या हातात चाकू, उजव्या अंगठ्याने पातं अडवणारी पट्टी बाजूला केली आणि उजव्याच हाताने पातं दाबलं. तेव्हा लख्ख कळलं. दुकानात मी उघडून पाहिलं होतं डाव्या हाताने. मिटताना मात्र उजवा हात आपसूक मदतीला आला होता, दर वेळी! मंगळवारी इथेसुद्धा! ती पट्टी उजव्या अंगठ्यासाठीच केलेली. दादाने गोळ्यांची पट्टी कापली आणि तसाच अडकून बसला. वहिनी बाजारात गेल्यापासून ती येईपर्यंत.

"मग ठेवायचा ना टेबलावर," मी म्हणालो. चुकलोच.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत पहिल्या दिवशीचा शिकाऊ झालो. "उघडा चाकू खाली ठेवतात का?"

नाही ठेवत. रोपवाटिकेत माणसं अनवाणी असतात, मांडी घालून बसतात. चाकू एकतर हातात, नाहीतर मिटलेला. हे त्यानेच आम्हा सगळ्यांच्या अंगी बाणवलेलं. तेवढ्यासाठी तो कापऱ्या हाताने पातं धरून बसला!

वहिनी आत येऊन ढसाढसा रडायला लागली. "मला वाटलं, तुम्ही — "

"काय वाटलं?" दादाने विचारलं.

त्याने आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहिलं.

"अस्सं," म्हणाला. आणि तोंड फिरवलं.

चाकू मी घेऊन आलो.

रविवार, १६ फेब्रुवारी

दादा बोलत नाही. बटणं लावून घेतो, नाड्या बांधून घेतो. बोलत नाही.

वहिनी मात्र बोलली. "माझ्या पाठीमागे दिलात तुम्ही. मी परकी का?" बरोबर आहे तिचं. माफी मागितली. तिने मान हलवली, पण ती माफ केल्याची होती की नुसती, ते कळलं नाही.

घरी येऊन हिला म्हणालो, "खरंच त्याच्या मनात तसं नव्हतं गं. फक्त मिटत नव्हता." मी स्वतःलाच सांगत होतो ते.

ही म्हणाली, "त्या दिवशी नव्हतं. इतर दिवशी? वहिनी तुम्हाला विचारतात, तुम्ही मला विचारता. दादांना कुणी विचारलंय का?"

हात धुवायला उठलो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पुन्हा दुकानात. या वेळी उजवा हात खिशात घालूनच काउंटरपाशी उभा राहिलो.

"हात घरी विसरलात काय?" दुकानदार म्हणाला. मी सांगितलं कुणासाठी हवाय ते. ओशाळला बिचारा. मग त्यानेही एक हात पाठीमागे धरला आणि आम्ही दोघे थोटे एकेक चाकू उघडून-मिटून पाहू लागलो. आधीच्याच्या जातीचे सगळे बाद. एक पात्यावरच्या कडीचा — बाद, कडी फिरवायला दुसरा हात लागतो. एक बटणाचा, त्याचं बटण एकाच बाजूला. दुकानदाराच्या हातून एक तर पायावरच पडला. "मिटलेला होता म्हणून बरं," म्हणाला.

शेवटी एक मिळाला. मुठीतून आरपार गेलेली आडवी खुंटी, दोन्ही बाजूंना जराशी बाहेर. अंगठा आणि बोटाने ती मागे ओढली की पातं सैल होतं, मनगटाला हलका झोका दिला की आपोआप आत जातं. बोटं वाटेत येत नाहीत. डावा, उजवा — त्याला सगळे सारखे! खिशाला अडकवायची क्लिपही काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते. तिथेच बसवून घेतली.

मग त्याने विचारलं, "टोक कसं हवं?" त्याच चाकूचे दोन प्रकार होते. एकाचं टोक अणकुचीदार. दुसऱ्याचं बोथट, खाली उतरतं. मी बोथट उचलला. लगेच.

उचलल्यावर लाज वाटली. डोळा काढायला टोक लागतं, हे मला माहीत आहे. दादालाही माहीत आहे. बोथट टोकाचा चाकू हातात पडताच तो ओळखेल की हा चाकू कामासाठी नाही, आमच्या भीतीसाठी निवडलाय. आणि भीती खरी असेल तर तेवढ्याने ती थांबते थोडीच?

टोकाचा घेतला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चाकू माझ्याच खिशात. डाव्या हाताने वापरून पाहतोय. सुतळी, पिशव्या, काड्या. बाकीचे हसतात — "दादाची जागा हवी काय?"

आज त्याच्या दारापर्यंत गेलो. वहिनीने खिशाकडे पाहिलं. "आणलात."

"हो."

"या वेळी माझ्यासमोर द्या. आणि आधी विचारा त्यांना. मी करून पाहिलं, भाऊजी. तोंडात शब्दच येत नाही."

माझ्याही नाही आला. हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो.

रविवार, २३ फेब्रुवारी

नाही विचारलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

नाही. आज तर दादाच म्हणाला, "काही बोलायचंय का?" मी म्हणालो, "छे!"

देवाला म्हटलं, उत्तर काय असावं ते मागत नाही. विचारायचं बळ तेवढं दे.

रविवार, २ मार्च

विचारलं.

नाड्या बांधून झाल्या होत्या. मी खालीच बसलेला, त्यामुळे त्याच्या तोंडाकडे वर पाहावं लागत होतं. वहिनी दारात. म्हणालो, "दादा, जीव द्यायचं मनात येतं का?"

वाटलं होतं चिडेल. किंवा हसेल. नाही म्हणेल, आणि मग आम्ही सगळे मोकळे होऊ.

तो खिडकीकडे पाहत राहिला. म्हणाला, "येतं. कधीकधी. दिवसा नाही. तुम्ही सगळे आपापल्या जागी गेलात, दिवे मालवले, की."

वहिनी येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली. त्याच्या लुळ्या हातावर हात ठेवला तिने. रडली नाही.

"डॉक्टरांना सांगायला हवं हे," मी म्हणालो.

"सांग. मला नाही जमलं." मग म्हणाला, "बरं झालं विचारलंस. सगळे आपले जेवलास का, झोपलास का."

उद्याच जायचं ठरलं. तिघांनी.

त्याने डावा हात पुढे केला. मी वहिनीकडे पाहिलं. तिने मान डोलावली, आणि मी चाकू त्याच्या हातात ठेवला. मिटलेला. त्याने उघडला. मिटला. उघडला. मिटला! अंगठ्यावर धार हलकेच लावून पाहिली. टोक पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"चांगला आहे," म्हणाला आणि खिशाला अडकवला.

सोमवार, ३ मार्च

काल निघालो तर दारातून दादाने हाक मारली. चाकू माझ्या तळहातावर ठेवला.

"रात्री तुझ्याकडे राहू दे. सकाळी कामावर जाताना आणून देत जा. रोज."

आज सकाळी तिघे डॉक्टरांकडे जायच्या आधी नेऊन दिला.