नऊ झाडं आणि एक पाटी

६ जानेवारी १९७४, कोयनानगर

कॉफीच्या नऊ झाडांची फळं तोडून, गर काढून, बिया पंधरा दिवस वाळवल्या. आज भाजल्या! मंद आच, बावीस मिनिटं. मी घड्याळ घेऊन उभा, उलथणं बायकोच्या, अंजनाच्या हाती. चव गेल्या सालचीच — आधी गुळासारखी, मग धुरकट, आणि घोट गिळल्यावर घशाशी किंचित तिखट. हा तिखटपणा पुस्तकात सापडत नाही. माझ्याकडे कॉफीची तीन पुस्तकं आहेत, तिन्ही पाठ.

माझा सिद्धांत: बाबा बुडन नावाचे फकीर कॉफीच्या सात बिया कमरेला बांधून येमेनहून आले, असं म्हणतात. आमच्या पलटणीतल्या सुभेदार देवय्याच्या आजोबांची बाग बाबा बुडनच्याच डोंगरात. पेन्शनीत निघताना मी तिथल्याच बिया आणल्या, भूकंपानंतरच्या, अडुसष्टच्या पावसाळ्यात लावल्या. म्हणजे तिखटपणा येमेनच्या उन्हाचा. मूळ रक्त बोलतंय!

शेजारच्या बाळासोला कप दिला. "आवं हवालदार, ह्यापरास काढा बरा! त्यो निदान खोकल्यावर तरी चालतोय."

अडाणी.

९ जानेवारी

देवय्याचं पत्र! धरण बघायला येतोय, माझी झाडंही बघणार. त्याच्या बागेतलं ते जुनं वाण रोगानं पार गेलं. माझ्या कॉफीची चव खरंच न्यारी निघाली तर इथलं बी नेऊन लावणार — आणि चव ज्याच्यामुळं, त्याचंच नाव वाणाला!

पाटी रंगवायला घेतली: 'केरबा-६८'.

अंजना म्हणाली, "पैलं कोठीचं दार रंगवा. दोन साल झालं सांगतीया."

१३ जानेवारी

दुपारी धक्का. कपबशा वाजल्या. झाडं शाबूत.

१७ जानेवारी

देवय्या आला! पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"केरबा... ये तीखा कहाँ से आया? तीस साल में ऐसा नहीं पिया!"

मी येमेन सांगितलं. अर्धा तास. तो तीन कप प्यायला. दीड किलो कच्च्या बिया आणि पेरायला सालीतल्या थोड्या घेऊन गेला. जाताना पाटीला सलाम ठोकला! बाळासो कुंपणावरून बघत होता. बघ म्हणावं.

२ फेब्रुवारी

देवय्याचं पत्र. घरी चार वेळा भाजली. कॉफी उत्तम, वाण जुनंच, पण तिखट कुठं गेलं? भाजताना तू काय करतोस, तपशीलवार लिही.

मी काय करतो? घड्याळ धरतो.

अंजनाला विचारलं. तिनं कढई पुढं केली. "आवं, कांदा-लसूण मसाल्याच्या मिरच्या ह्याच कढईत भाजते न्हवं मी दरसाल! कितीबी राखेनं घासा, वास जातोय व्हय?"

तीन सुगी! वहीत आच लिहिली, मिनिटं लिहिली, जळण कुठल्या लाकडाचं तेही लिहिलं. कढई नाही लिहिली.

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुमी येमेन सांगत हुता. मदीच कुटं बोलू?"

३ फेब्रुवारी

पाटणला जाऊन नवी कढई आणली. भाजली, प्यालो. गूळ आहे, धूर आहे. पुढं काही नाही. मिळमिळीत म्हणवत नाही — आपलीच आहे.

बाळासोला दिली. "हां, आता कसं! ही लय बेस हाय."

हे जास्त झोंबलं.

५ फेब्रुवारी

कढईचं नाही कळवलं तर कोण विचारणार? पाटी तशीच राहील. पण माझ्या सहीनिशी चुकीचा तपशील? चार पत्रं फाडली. पाचवं टपालपेटीत टाकलं. कढई, मिरच्या, अंजनाचा हात — सगळं लिहिलं. येमेन खोडलं.

टाकल्यावर पेटीत हात जातो का बघितलं. जात नाही.

२१ फेब्रुवारी

देवय्याचं कार्ड. दोन ओळी: बी रुजायला घातलं. कराराप्रमाणे नाव वहिनींचं. मिरच्या कुठल्या ते विचारून कळव.

पाटीवर पांढऱ्या रंगाचा हात दिला. 'अंजना-६८'. अनुस्वार दोनदा पुसून बरोबर मधोमध काढला.

रंग उरलाय. कोठीचं दार होईल.